येथे काहीही केलेले नाही

नोकरीत असताना सगळं कार्यालय त्यांना पाठीमागे 'काटकोन' म्हणायचं. निरोप समारंभाच्या भाषणात साहेबांच्या तोंडून ते नाव निसटलं, आणि त्या दिवसापासून लोक तोंडावरही म्हणायला लागले. काटकोनांनी त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. लोक माणसाला काय काय म्हणतात. त्या मानाने नव्वद अंश ही काही हलकी पदवी नव्हे.

पाणीपुरवठा खात्यात ते आरेखक होते. शहराच्या पोटातल्या नळांचे नकाशे त्यांनी काढले आणि त्यांच्या नकाशात एकही नळ वाकडा नव्हता. जमिनीखाली मात्र होते. खणणारी माणसं नकाशा घेऊन खड्डा खणायची, नळ भलत्याच ठिकाणी निघायचा, आणि काटकोन शांतपणे म्हणायचे, "नळ चुकलाय."

असा माणूस निवृत्त होऊन दिवसभर घरात राहू लागला की घराचं काय होतं हे ज्यांच्या घरात घडलंय त्यांनाच ठाऊक. काटकोनांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. साखर आणि मीठ यांचे डबे एकाच उंचीचे असल्यामुळे ते शेजारी शेजारी आले, आणि त्यातून जे व्हायचं ते एका पाहुण्याच्या चहात झालं. दोरीवरचे चिमटे त्यांनी रंगवार केले. बायको झोपेत कुशीवर वळली की ते पांघरुणाची कड पुन्हा पलंगाच्या कडेशी समांतर करायचे. बाई सोशिक होत्या, पण सोसण्यालाही काही कड असते, आणि ती काही समांतर राहिली नव्हती.

एके दिवशी वर्तमानपत्रात उद्यान विभागाची जाहिरात आली: शहरातील बागा व नैसर्गिक क्षेत्रे यांच्या देखभालीसाठी स्वयंसेवक पाहिजेत. बाईंनी अर्ज आणला, भरला आणि टेबलावर ठेवून म्हणाल्या, "अहो, इथे सही करा."

काटकोन न वाचता सही करणाऱ्यांतले नव्हते. पण कागद टेबलाच्या कडेला अगदी समांतर ठेवलेला होता, आणि अशा कागदाविषयी त्यांच्या मनात कधी संशय येत नसे. इतक्या वर्षांच्या संसारात बाईलाही काही कळतंच.

सही केल्यावर त्यांनी वाचलं, आणि त्यांना ते आवडलं. बाग म्हणजे वाफे. वाफे म्हणजे ओळी. त्यांनी त्याच संध्याकाळी व्याह्यांना फोन लावला.

आता व्याह्यांविषयी दोन शब्द सांगणं भाग आहे. व्याही म्हणजे गच्चीवरच्या बागेत शहराचं पहिलं बक्षीस मिळवलेला माणूस. ते येताना दर वेळी एक कुंडी घेऊन यायचे. ती कुंडी काटकोनांच्या खिडकीत ठेवली जायची आणि थोड्याच दिवसांत देवाघरी जायची. पुढच्या भेटीच्या आदल्या दिवशी बाई रोपवाटिकेत जाऊन हुबेहूब तसंच रोप विकत आणायच्या. व्याही त्याच्याकडे बघून म्हणायचे, "वा! जीव धरला हो!" आणि काटकोन मान खाली घालून म्हणायचे, "आपली कृपा." मुलीचा बाप असणं माणसाला काय काय बोलायला लावतं.

"उद्यानाचा एक भाग माझ्याकडे सोपवतायत," काटकोन फोनवर म्हणाले. "फारच आग्रह झाला."

"असं? फुलांचा?"

"त्याहून मोठा."

"अरे वा! मग बघायला आलंच पाहिजे. कळवा तयार झाला की."

काटकोनांनी फोन ठेवला आणि आलेखाच्या कागदावर वाफे आखायला बसले.

उद्यान अधीक्षक ही त्यांच्या मुलीच्या वयाची बाई होती. उन्हात विटलेली टोपी, गुडघ्यापर्यंत बूट आणि कायमची घाई. ती त्यांना उद्यानात घेऊन गेली. गुलाबांच्या वाफ्याशी काटकोनांची पावलं रेंगाळली. तिची रेंगाळली नाहीत. हिरवळीशी ते थांबले. ती पुढे गेली. मेंदीच्या कुंपणाशी, जिथे कात्रीने छाटून पानांचा अक्षरशः ठोकळा केला होता, तिथे तर त्यांना भरून आलं. तेही कुंपण मागे पडलं. शेवटी तळ्याला वळसा घालून दोघं पलीकडच्या उतारावर आली, आणि अधीक्षक बाईंनी हात पसरून म्हटलं, "हे."

काटकोनांनी पाहिलं. कमरेएवढं गवत, त्यात काटेरी झुडपं, आडवं पडलेलं एक झाड, त्यावर बुरशी, खाली पाचोळ्याचा थरावर थर, आणि तळ्याच्या कडेला चिखल. कशाचाच कशाशी काही संबंध नव्हता.

"कधीपर्यंत साफ करून हवंय?" त्यांनी विचारलं.

"साफ नाही करायचं, काका. हे नैसर्गिक क्षेत्र आहे. असंच ठेवायचं."

"मग मी काय करायचं?"

"काही नाही. प्लास्टिक दिसलं तर उचला. बाकी स्वतः काही करायचं नाही आणि दुसऱ्या कुणाला करू द्यायचं नाही. लोक फार करतात हो." तिने सुस्कारा सोडला. "तुमच्या आधीचे स्वयंसेवक होते, त्यांनी कारंजं मागितलं."

घरी आल्यावर बाईंनी विचारलं, "काय काम दिलं?" काटकोन म्हणाले, "देखरेख." हे खोटं नव्हतं. पण आलेखाचा कागद त्यांनी घडी घालून कपाटात ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा एखाद्या मृत्युपत्राची घडी घालावी तसा झाला होता.

पहिले काही दिवस त्यांनी मन आवरलं. मग एका सकाळी त्यांच्या असं मनात आलं की, पाचोळा आहे तर असू दे, पण तो नीट असायला काय हरकत आहे? नैसर्गिक म्हणजे गबाळं असं थोडंच कुठे लिहिलंय? त्यांनी पानांचे सारख्या आकाराचे ढीग केले. खाली पडलेल्या फांद्या लांबीप्रमाणे लावल्या. दगड रांगेत आणले. उतारावर प्रथमच काही अर्थ दिसू लागला. तेवढ्यात अधीक्षक बाई आल्या.

"काका! हे काय?"

"थोडं वळण लावलं."

"अहो, त्या पानांखाली किडे असतात, त्यांच्यावर पक्षी जगतात. पसरा ते सगळं. आत्ताच्या आत्ता."

काटकोनांनी पसरलं. बाई बघत उभ्या होत्या.

"असं नाही, काका. तुम्ही सारख्या अंतरावर टाकताय. जसं पडेल तसं पडू द्या."

"म्हणजे साधारण किती अंतरावर?"

बाईंनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी पुन्हा घातली आणि त्या निघून गेल्या. काटकोनांनी उरलेला पाचोळा डोळे मिटून उधळला. नोकरीत असलं काम त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी लेखी आदेश मागितला असता.

त्यानंतर त्यांनी घडीची खुर्ची नेली आणि उताराच्या तोंडाशी बसायला सुरुवात केली, कारण दुसऱ्यांना काही करू न देणं हा कामाचा अर्धा भाग अजून शिल्लक होता. आणि तो अर्धा भाग पुऱ्याहून मोठा निघाला. रिकामी जागा दिसली की माणसाच्या अंगात काहीतरी संचारतं. एक बाई घरच्या नकोशा झालेल्या कुंड्या घेऊन आल्या आणि "इथे लावून टाका" म्हणाल्या. एक गृहस्थ रोज येऊन एकच झुडूप काठीने झोडपायचे आणि विचारलं तर म्हणायचे, "व्यायाम." काटकोनांच्या इमारतीच्या तळमजल्यावरचे औषधवाले, ज्यांचं औषधांचं दुकान होतं आणि जे दुकानाबाहेरही रोगांशिवाय बोलत नसत, ते नाकाला रुमाल लावून आले.

"काटकोनकाका, डास! इथे फवारणी हवी. मी सांगतो ते औषध आणा, मुंगी जिवंत राहणार नाही."

"मुंगी जिवंत ठेवायची आहे," काटकोन म्हणाले. आपल्या तोंडून हे वाक्य निघालेलं ऐकून त्यांना स्वतःलाच कसंसं झालं.

सकाळी चालणाऱ्या मंडळींनी एक मंडळ काढलं होतं. त्याचे अध्यक्ष चालत नसत, चालणाऱ्यांना मार्गदर्शन करत. ते म्हणाले, "सगळं सपाट करा, फरशी घाला, वर छप्पर, आणि छपराला मंडळाचं नाव. माझं नाव नसलं तरी चालेल. म्हणजे खाली लहान अक्षरांत असलं तर पुरे."

या सगळ्यांना तीच ती उत्तरं देऊन काटकोनांचा घसा बसला. जेवायला घरी जायची सोय उरली नाही, कारण एकदा अर्ध्या तासासाठी गेले तर कुणीतरी पडलेल्या झाडाला चुना फासून ठेवला होता. म्हणून बाई डबा आणि चहाची बाटली घेऊन यायला लागल्या. आधी देऊन परत जायच्या. मग बसायला लागल्या. मग त्यांनी स्वतःसाठी सतरंजी आणली.

बाई पूर्वी टेलिफोन केंद्रात कामाला होत्या. एकदा बसल्या बसल्या त्यांनी सांगितलं की, तरुणपणी एका रात्रपाळीत त्यांनी चुकून दोन अनोळखी माणसांचा फोन एकमेकांना जोडून दिला होता, आणि ती दोघं तासभर बोलत बसली.

"कशाबद्दल?" काटकोनांनी विचारलं.

"पायदुखीबद्दल. दोघांनाही होती."

काटकोन हसले. मग म्हणाले, "हे मला कधी सांगितलं नाहीस."

"चार वेळा सांगितलंय. तुम्ही तेव्हा काहीतरी नीट लावत असायचात."

काटकोनांनी आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. इथे नीट लावण्यासारखं काही नव्हतं, म्हणजे होतं, पण बंदी होती. हात रिकामे राहिले की कान मोकळे होतात ही गोष्ट त्यांना या वयात कळत होती. तेवढ्यात समोरच्या गवतातून एक तपकिरी पाणपक्षीण निघाली आणि तिच्यामागे तिची पिल्लं. पक्ष्याचं नाव दोघांनाही माहीत नव्हतं. पिल्लं एका ओळीत चालत नव्हती. एक पुढे, दोन मागे, एक भलतीकडेच. काटकोनांनी ते मनाला लावून घेतलं नाही. बाईंनी तिरप्या नजरेने त्यांच्याकडे पाहिलं आणि चहा ओतला.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण काटकोनांचा घसा सुधारेना, म्हणून त्यांनी ठरवलं की एक फलक लावावा, म्हणजे तोंड वाजवायला नको.

फलक लावायचा तर उद्यान विभागाचा अधिकार चालत नाही; फलकांचा विभाग वेगळा. तो वेगळ्या इमारतीत, आणि त्या इमारतीवर फलक नव्हता. काटकोनांनी मजकूर लिहून नेला होता: 'हे क्षेत्र मुद्दाम नैसर्गिक ठेवले आहे. कृपया हात लावू नये.' तिथल्या कारकुनाने तो दोनदा वाचला आणि पेन्सिल काढली.

"'मुद्दाम' चालणार नाही. मुद्दाम म्हणजे धोरण आलं. धोरण म्हटलं की सभेचा ठराव लागतो."

"बरं, काढा."

"'नैसर्गिक' आहे, त्याला पर्यावरण कक्षाचा दाखला आहे का?"

"कशाचा? गवत नैसर्गिक असल्याचा?"

"मी नाही म्हणत, नियम म्हणतो. म्हणजे ते अख्खं वाक्यच गेलं. आणि 'हात लावू नये' ही मनाई झाली. मनाईला दंडाचं कलम द्यावं लागतं. तुमच्याकडे कलम आहे?"

"नाही."

"मग तेही गेलं." कारकुनाने खोडाखोडीनंतर कागद वळवून दाखवला. त्यावर 'कृपया' एवढा एकच शब्द शिल्लक होता. "हा मात्र बिनधास्त लावा. हरकत नाही."

काटकोन इतका वेळ त्या शब्दाकडे बघत राहिले की कारकुनालाही दया आली. तो म्हणाला, "काका, आम्हाला अडचण कशाची येते माहितीये? मताची. तुम्ही नुसती वस्तुस्थिती लिहा. तिथे प्रत्यक्षात काय आहे?"

"काही नाही. तिथे काहीही केलेलं नाही."

"झालं तर! हेच लिहा. याला कोण हरकत घेणार?" त्याने शिक्का मारला. "खाली विभागाचं नाव टाकायला विसरू नका. ते सक्तीचं आहे."

काटकोनांनी फलक स्वतःच्या हाताने रंगवला. आरेखकाची अक्षरं ती. एकेका वेलांटीला त्यांनी तासभर दिला असेल. फलक उताराच्या तोंडाशी उभा राहिला तेव्हा ते चार पावलं मागे सरले आणि निवृत्तीनंतर प्रथमच त्यांचा ऊर पूर्ण भरून आला. फलकावर लिहिलं होतं:

येथे काहीही केलेले नाही.
— उद्यान विभाग

त्याचा परिणाम ताबडतोब दिसला. लोक थांबून वाचायला लागले. काही जण हसत, काही मान हलवत. औषधवाले म्हणाले, "शाब्बास! असं रोखठोक बोलायला धाडस लागतं." अध्यक्षांनी हस्तांदोलन केलं. काटकोनांना हा आदर थोडा जास्त वाटला, पण नको म्हणण्याइतका नाही. दुसऱ्या दिवशी एक वार्ताहर आला आणि त्याने त्यांना फलकाशेजारी उभं राहायला सांगितलं. काटकोन रुमालाने फलकावरची धूळ पुसत असतानाच त्याने छायाचित्र घेतलं.

"हे तुम्ही स्वतः लिहिलंत?"

"अक्षर माझं आहे."

"आणि हे खरं आहे?"

"शब्दन्‌शब्द," काटकोन अभिमानाने म्हणाले.

सकाळी वर्तमानपत्र उघडलं तर पहिल्या पानावर काटकोन. वर मथळा: 'उद्यान विभागाची जाहीर कबुली'. खाली: 'ज्येष्ठ नागरिकाने फोडली निष्क्रियतेला वाचा'. बातमीत ते गेली कित्येक वर्षं विभागाशी झुंजत असल्याचं म्हटलं होतं.

पहिला फोन व्याह्यांचा आला. "अहो, पेपरात फोटो! नाव कमावलंत! आता राहवत नाही, या रविवारी सगळे येतोच बघायला." दुसरा फोन अधीक्षक बाईंचा होता, आणि तो येथे देता येणार नाही. त्याचा सारांश असा की, आयुक्तांनी वर्तमानपत्र वाचलं होतं, त्यांना बोलावून फैलावर घेतलं होतं आणि रविवारी सकाळी ट्रॅक्टर लावून अख्खा उतार साफ करण्याचा आदेश काढला होता. दुपारी स्वतः आयुक्त पाहणीला येणार होते.

"पण तिथे पिल्लं आहेत," काटकोन म्हणाले.

"मला माहितीये, काका," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता चिडका नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं. "मी खूप सांगून पाहिलं. ते म्हणतात, तुमच्याच फलकावर लिहिलंय."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शनिवारी काटकोन जेवले नाहीत. आपण आयुष्यभर ज्याला घाण म्हटलं असतं, ती साफ होणार म्हणून आपल्या घशाखाली घास उतरत नाही, हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती. बायकोला सांगावं लागलं नाही.

रविवारी दोघं लवकर उतारावर पोचली. थोड्या वेळाने ट्रॅक्टर आला. मागे गवत कापायचं भलंमोठं पातं, पुढे ट्रॅक्टरवाला, दणकट आणि झोप न झालेला. काटकोन उठून ट्रॅक्टरसमोर उभे राहिले. पुढे काय करायचं ते त्यांनी ठरवलेलं नव्हतं. मोर्चात ते कधी गेले नव्हते. संपातसुद्धा ते वेळेवर कार्यालयात जात.

"काका, बाजूला व्हा."

"आदेश बघू."

ट्रॅक्टरवाल्याने खिशातून कागद काढला. काटकोनांनी चष्मा चढवला आणि वाचलं. वाचता वाचता त्यांच्या पाठीचा कणा हळूहळू ताठ झाला. लोकांनी त्यांना ज्या कारणासाठी नाव ठेवलं होतं, ते कारण आता उभं राहत होतं.

"यात 'तळ्यामागील अस्वच्छ भाग' असं लिहिलंय. हद्द कुठाय?"

"कसली हद्द?"

"कुठून कुठपर्यंत कापायचं त्याची. आखणी नाही, खुंट्या नाहीत, नकाशा जोडलेला नाही. उद्या तुम्ही हातभर जास्त कापलं तर भरून कोण देणार?"

ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं. असल्या भरपाया त्याने पाहिल्या असाव्यात. "मग काय करायचं?"

"आधी आखणी. मग कापणी. मी आरेखक आहे, करून देतो. तुम्ही सावलीत बसा." मग ते बायकोकडे वळले. "अगं, घरून खुंट्या, दोऱ्या आणि मोजायची लांब फीत घेऊन येतेस? कपाटात आहे सगळं."

बाईंनी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाल्या, "आणते. पण माझे पाय दुखतायत हो. वेळ लागेल." टेलिफोन केंद्रातली बाई ती, कुठली तार कुठे जोडायची हे तिला सांगावं लागत नव्हतं. पाच मिनिटांवरच्या घरून ती परत आली तेव्हा उन्हं चांगलीच वर आली होती आणि ट्रॅक्टरवाला झाडाखाली घोरत होता.

मग काटकोनांनी मोजणी सुरू केली. प्रत्येक माप दोनदा घेतलं, दोन्ही जुळली तर संशय म्हणून तिसऱ्यांदा. पिल्लं होती तिथे ते पायाच्या बोटांवर चालत. पण फितीचं दुसरं टोक धरायला माणूस हवा होता, आणि तो नेमका त्याच वेळी कडक इस्त्रीच्या कपड्यांत, नव्या बुटांत, हातात कुंडी घेऊन उतारावर आला.

"नमस्कार, व्याही! कुठाय बाग?"

मुलगी आणि जावई मागे उभे होते, विहीणबाई पदराने वारा घेत होत्या. काटकोनांनी चारी बाजूंना पाहिलं. खोटं बोलायला जागाच नव्हती.

"हीच," ते म्हणाले. "जरा हे टोक धरता?"

व्याह्यांनी कुंडी खाली ठेवली आणि टोक धरलं. पुढचा प्रश्न त्यांनी विचारला असता, पण फीत तळ्याच्या कडेने न्यायची होती, आणि तिसऱ्या पावलाला त्यांचा उजवा बूट चिखलात गेला. तो बाहेर काढताना डावा गेला. "धरून ठेवा, सोडू नका!" काटकोन ओरडले, आणि ते फितीविषयी होतं हे लक्षात न येऊन व्याह्यांनी एक झुडूप धरलं. झुडूप काटेरी होतं. विहीणबाई किंचाळल्या, ट्रॅक्टरवाला जागा झाला, जावई धावला आणि वडिलांच्या शेजारी गुडघाभर उतरला.

अशा वेळी आयुक्तांची गाडी आली.

आयुक्त उतरले, मागे अधीक्षक बाई, त्यांच्यामागे तोच वार्ताहर. समोर दृश्य असं: बंद ट्रॅक्टर, गवतात खुंट्या आणि दोऱ्या, दोन चिखलात रुतलेले गृहस्थ, आणि फितीचं टोक हातात घेऊन उभे असलेले वर्तमानपत्रातले ज्येष्ठ नागरिक.

"हे काय चाललंय?" आयुक्तांनी विचारलं.

काटकोन साहेबांशी खोटं बोलत नसत. "आखणी चाललीय, साहेब."

"या भागाची?"

"हो."

"म्हणजे काम सुरू झालंय!" आयुक्तांचा चेहरा उजळला. काटकोनांनी उभ्या नोकरीत साहेबाचं वाक्य दुरुस्त केलं नव्हतं; आजही केलं नाही. आयुक्त वार्ताहराकडे वळले. "लिहून घ्या. काम सुरू झालंय. नागरिकांच्या सहभागातून." त्यांनी चिखलातल्या सहभागाकडे कौतुकाने पाहिलं. "आणि बाई, मग हा फलक कशाला अजून? बदला."

"आजच बदलते, साहेब," अधीक्षक बाई म्हणाल्या. काटकोनांकडे त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हसू फुटलं असतं.

"आणि ट्रॅक्टर?"

"आखणी झाल्याशिवाय पातं टाकता येत नाही, साहेब," ट्रॅक्टरवाला झाडाखालून म्हणाला. सावली त्याला मानवली होती. "भरपाई बसते."

"बरोबर आहे. आखणी कधी पुरी होईल?"

काटकोनांनी उताराकडे पाहिलं. "घाई केली तर चुका होतात, साहेब."

"घाई नको," आयुक्त गंभीरपणे म्हणाले आणि गाडीत बसले.

नव्या फलकाला मंजुरी लागली नाही. फलक विभागाकडे त्या मजकुराचे फलक ढिगाने तयार होते. 'काम चालू आहे' एवढे तीन शब्द उताराच्या तोंडाशी लागले, आणि त्या दिवसापासून तिथे कुणी कुंडी आणली नाही, काठी उचलली नाही, चुना फासला नाही. असल्या फलकासमोर नागरिक नम्र होतो आणि वळसा घालून जातो. काम कधी संपणार हे विचारायची शहरात रीतच नव्हती. औषधवाले म्हणाले, "होईल हळूहळू." अध्यक्षांनी एकदा, किती टक्के झालं, असं विचारलं, काटकोन म्हणाले, "पाया चाललाय," आणि अध्यक्षांचं समाधान झालं.

राहिले व्याही. त्या रविवारी आयुक्त गेल्यावर ते गवतात पाय पसरून बसले. बुटांचा रंग ओळखू येत नव्हता, हातावर काट्यांचे ओरखडे होते. काटकोन अपराध्यासारखे शेजारी बसले आणि बोलणी खायची वाट पाहू लागले.

"इथे पाणी किती वेळा घालता?" व्याह्यांनी विचारलं.

"घालायचं नसतं."

"खत?"

"नाही."

"छाटणी? फवारणी? उन्हाळ्यात जाळी?"

"काहीच नाही."

व्याह्यांनी बुटावरचा चिखल काडीने खरवडला. मग मागे वळून विहीणबाई जरा दूर आहेत याची खात्री करून हळूच म्हणाले, "खरं सांगू? ती गच्ची घेतल्यापासून मी एकाही लग्नाला मुक्कामी राहिलो नाही. दोनशे कुंड्या, व्याही. रात्री स्वप्नात पाणी मागतात." त्यांनी हातावरचे ओरखडे चोळले. "तुमच्याकडे आणखी एक माणूस लागेल का?"

अधीक्षक बाईंनी त्यांना आनंदाने घेतलं. आता दर रविवारी दोन्ही घरची मंडळी सतरंजीवर असतात, आणि काटकोन व्याह्यांना शिकवतात. शिकवणं सोपं नाही. बक्षीस मिळवलेला हात तो; पिवळं पान दिसलं की आपोआप पुढे जातो. परवा वाऱ्याने एक फांदी अर्धी मोडून लोंबत होती. व्याही पाहत राहिले, पाहत राहिले, आणि शेवटी त्यांचा हात निघालाच.

"राहू द्या, व्याही," काटकोन म्हणाले. "वाकडी आहे तर वाकडी असू दे."

बाई तेव्हा चहा ओतत होत्या. हे शब्द त्या तोंडातून आले हे कानांनी ऐकून मनाला पटायला जो वेळ लागला, तेवढ्या वेळात कप भरून चहा सतरंजीवर सांडला. ओघळ निघाला, थोडा इकडे, थोडा तिकडे, मग जिकडे उतार होता तिकडे. सगळ्यांनी काटकोनांकडे पाहिलं.

ओघळ त्यांच्याच दिशेने येत होता, म्हणून ते जरा सरकून बसले.